पाणंद रस्त्याखालचा वर्गभेद

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव या तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा खुला झाला आणि जून २०२५ मध्ये शेवटचा. त्याच महामार्गाच्या कडेने, जमिनीच्या पोटातून, आणखी एक मार्ग काढण्यात आला आहे. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून चर्चेतही येत नाही. हा मार्ग नैसर्गिक वायूचा. मुंबई-नागपूर-झारसुगुडा अशी सुमारे १,७०० किलोमीटर लांबीची वायुवाहिनी टाकण्याचे अधिकारपत्र पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाने २०२० मध्ये गेल या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीला दिले, आणि मुंबई ते नागपूर या अंतरात तिचा बहुतांश भाग समृद्धी महामार्गाच्या हद्दीतील एका अरुंद पट्टीतून नेण्याचे ठरले.

या योजनेत एक गोष्ट सहज नजरेआड होते. वाहिनी महामार्गाला समांतर आहे. तेव्हा महामार्गाखालून जाण्याचे प्रसंग तिला थोडे. ती ज्यांच्याखालून पुन्हा पुन्हा जाते ते रस्ते महामार्गाला आडवे येणारे आहेत. अकोला-वाशीम मार्गासारखे एखाददुसरे मोठे रस्ते सोडले तर हे सारे जिल्हा परिषदेचे रस्ते, ग्रामीण रस्ते, शिवरस्ते आणि पाणंद रस्ते. महामार्ग भरावावरून जातो आणि गावची वाट त्याच्या पोटातल्या भुयारी मोरीतून पलीकडच्या शेतात जाते. त्या मोरीच्या तोंडाशी, बैलगाडीच्या चाकोरीखाली, उच्च दाबाचा वायू वाहणारा नळ असतो. महामार्गावरून ताशी शंभराच्या वेगाने जाणाऱ्या मोटारीचा या नळाशी संबंध येत नाही. सोयाबीनची पोती भरलेल्या ट्रॅक्टरचा मात्र रोज येतो.

म्हणून प्रश्न असा आहे : गावच्या वाटेखालून जाणाऱ्या नळाच्या पोलादाची जाडी कोण ठरवतो, आणि कशावरून? हा केवळ अभियंत्यांच्या खात्यातला प्रश्न आहे असे समजण्याची चूक आजवर सर्वांनी केली आहे. वस्तुतः तो सामाजिक न्यायाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर मिलिमीटरांत मोजता येते.

घरे मोजून ठरणारी जाडी

वायुवाहिनीच्या भिंतीची जाडी काढण्याचे सूत्र साधे आहे. आतील दाब आणि नळाचा व्यास यांचा गुणाकार करावा. पोलाद कायमचे ताणले जाऊ लागते तेथपर्यंतच्या त्याच्या शक्तीच्या दुपटीने त्यास भागावे. पण पोलादाची सर्व शक्ती वापरून चालत नाही. काही राखीव ठेवावी लागते. किती वापरायची आणि किती राखायची हे एका गुणकाने ठरते, आणि त्या गुणकातच सारे राजकारण भरले आहे.

अमेरिकन यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेची बी ३१.८ ही संहिता जगभर प्रमाण मानली जाते. भारतीय नियामक मंडळाच्या २००९ सालच्या तांत्रिक नियमावलीनेही तीच चौकट स्वीकारली आहे. तीनुसार वाहिनीच्या दोन्ही बाजूंना दोनशे मीटरपर्यंत, १.६ किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात, माणसे राहण्याच्या इमारती किती आहेत हे मोजतात. दहा किंवा त्याहून कमी असतील तर पहिला वर्ग. दहाहून अधिक पण ४६ हून कमी असतील तर दुसरा. ४६ किंवा अधिक असतील तर तिसरा. आणि बहुमजली दाट वस्ती असेल तर चौथा. पहिल्या वर्गात पोलादाची ७२ टक्के शक्ती वापरण्यास मुभा, दुसऱ्यात ६०, तिसऱ्यात ५० आणि चौथ्यात अवघी ४०. या पद्धतीला ‘स्थानवर्ग’ असे निरुपद्रवी नाव आहे. पण वर्ग हा शब्द येथे जितक्या उघडपणे वापरला गेला आहे तितका तो एखाद्या समाजवादी जाहीरनाम्यातही क्वचितच वापरला जात असेल.

त्याचा अर्थ आकड्यांत पाहावा. उदाहरणादाखल २४ इंच व्यासाचा नळ, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ९४ किलो दाब आणि अशा वाहिन्यांत नेहमी वापरले जाणारे उच्च शक्तीचे पोलाद घेतले, तर पहिल्या वर्गात भिंतीची जाडी ८ मिलिमीटर येते. दुसऱ्यात ती ९.६, तिसऱ्यात ११.६ आणि चौथ्यात १४.५ मिलिमीटर होते. तोच वायू, तोच दाब, तोच नळ. मात्र शहराच्या कडेला १४.५ आणि विरळ वस्तीच्या शिवारात ८. आणि असा नळ फुटून पेटला तर मनुष्यहानीची कक्षा, या क्षेत्रात वापरल्या जाणाऱ्या प्रचलित सूत्राने, सुमारे १८५ मीटर भरते. त्या कक्षेत घर नसेल. पण सोंगणीच्या दिवसांत वीस मजूर असतील, त्यांतल्या निम्म्याहून अधिक बाया असतील, बांधावरच्या झोळीत मूल असेल. घरांच्या गणतीत ते धरले जात नाहीत.

या हिशेबाच्या समर्थनार्थ जे सांगितले जाते ते मोडीत काढण्याजोगे नाही. जेथे माणसे अधिक तेथे अपघाताची झळ अधिक; साधने मर्यादित असतात; तेव्हा जाड पोलाद दाट वस्तीत वापरावे, हा तर्क समजण्यासारखा आहे. शेकडो किलोमीटर ओसाड माळरानात १४.५ मिलिमीटरचा नळ टाकावा असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. परंतु हा तर्क फक्त परिणामाचा आहे. कारणाचा विचार त्यात नाही. घरे मोजल्याने नळ फुटल्यावर किती मरतील याचा अंदाज येतो. नळ कशाने फुटेल हे घरे मोजून कळत नाही. आणि जेथे नळ रस्त्याखालून जातो तेथे परिस्थिती मुळातच बदलते, कारण तेथे आतल्या दाबाच्या जोडीला वरचे चाक येते.

रस्त्यांचीही प्रतवारी

हे संहिताकारांना ठाऊक नव्हते असे नाही. म्हणूनच रस्त्याखालील तुकड्यासाठी त्यांनी वेगळे कोष्टक केले. पण त्या कोष्टकातही रस्त्यांची प्रतवारी आहे : पक्क्या पृष्ठभागाचे सार्वजनिक रस्ते, कच्चे सार्वजनिक रस्ते आणि खासगी रस्ते. पहिल्या वर्गाच्या प्रदेशात सार्वजनिक रस्त्याखाली, बाहेरचे कवच नसेल तर, ७२ ऐवजी ६० टक्क्यांचा गुणक धरावा लागतो. म्हणजे वरच्या उदाहरणात ८ ऐवजी ९.६ मिलिमीटर. खासगी रस्त्याखाली मात्र ७२ टक्केच चालतो. म्हणजे मोकळ्या रानात जो नळ, तोच खासगी रस्त्याखाली.

अमेरिकेत खासगी रस्ता म्हणजे एखाद्या मोठ्या शेतमालकाच्या आवारातली वाट, जिच्यावरून दिवसाकाठी त्याची स्वतःची दोन-चार वाहने जातात. ही कल्पना विदर्भाच्या शिवारात आणली की तिचे काय होते?

येथील शेतरस्त्यांची कायदेशीर स्थिती ज्याला ठाऊक आहे त्याला या प्रश्नातली मेख लगेच कळेल. काही गाडीरस्ते आणि पायवाटा गावनकाशावर तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात, त्या सार्वजनिक. परंतु वहितीसाठी रोज वापरल्या जाणाऱ्या कित्येक वाटा नकाशावर नाहीतच. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून रस्ता देतो, तो हक्क एका शेतकऱ्यास दुसऱ्याच्या बांधावरून मिळालेला असतो. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली अर्ज करावा लागतो. तहसील कचेऱ्यांत अशा प्रकरणांचे गठ्ठे वर्षानुवर्षे पडून असतात. मग हे रस्ते कोणत्या प्रतवारीत बसवायचे? नकाशावर नाहीत म्हणून ‘खासगी’? की दहा खातेदार, त्यांचे सालदार, मळणी यंत्र आणि खताचा ट्रक त्यावरून जातो म्हणून ‘सार्वजनिक’? की तेथे रस्ताच नाही, असे समजायचे?

नळाची रचना करणारा अभियंता सर्वेक्षणाचा नकाशा समोर ठेवतो. त्या नकाशावर जी वाट नाही ती त्याच्या कोष्टकातही नाही, आणि जी कोष्टकात नाही तिच्याखाली जाड नळ येण्याचे कारणही नाही. शतकानुशतके ज्या वाटेला महसूल दप्तराने मान्यता दिली नाही, तिला पोलादानेही नाकारावे, असा हा न्याय आहे. तलाठ्याच्या दप्तरातली उणीव अशा रीतीने थेट जमिनीखाली उतरते.

चाकाखालचे शास्त्र

रस्त्याखाली पुरलेल्या नळावर तीन भार येतात. आतल्या वायूचा दाब नळाला बाहेर फुगवतो. वरच्या मातीचे वजन त्याला वरून दाबून किंचित लंबगोल करते. आणि वरून जाणारे प्रत्येक चाक त्याला क्षणभर आणखी दाबते व सोडते. पहिले दोन भार स्थिर आहेत. तिसरा पुन्हा पुन्हा येणारा आहे. पोलाद एका वेळी फार मोठा भार सोसते, पण तोच भार लाखो वेळा येत राहिला तर ते थकते. आणि थकव्याची तड प्रथम जोडावर, म्हणजे वेल्डवर, जाते. म्हणून रस्त्याखालील नळाची तपासणी केवळ कमाल ताणासाठी करून भागत नाही, थकव्यासाठीही करावी लागते. हा हिशेब कसा करावा याची पद्धत अमेरिकन पेट्रोलियम संस्थेच्या १,१०२ क्रमांकाच्या शिफारशीत दिली आहे. कॉर्नेल विद्यापीठातील संशोधनावर ती आधारलेली आहे आणि ती उत्तम पद्धत आहे. दोष तिच्यात नाही. दोष ती डोळे झाकून वापरण्यात आहे.

त्या शिफारशीत दोन गोष्टी अशा आहेत की त्यांचा अर्थ वाशीमच्या शिवारात उभे राहूनच कळावा.

पहिली गोष्ट आसावरच्या भाराची. ट्रकच्या एकेरी आसाच्या प्रत्येक बाजूला १२,००० पौंड, म्हणजे अख्ख्या आसावर सुमारे १०.९ टन, असा भार त्या पद्धतीत गृहीत धरलेला आहे. भारतात चार टायरांच्या एकेरी आसाची कायदेशीर मर्यादा पूर्वी १०.२ टन होती. जुलै २०१८ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ती वाढवून ११.५ टन केली. म्हणजे शिफारशीतला तयार आकडा जसाच्या तसा उचलला तर तो कायद्याने चालणाऱ्या ट्रकपेक्षाही हलका ठरतो. कायदा मोडून चालणाऱ्या मुरूम-गिट्टीच्या टिप्परची गोष्ट तर वेगळीच. अधिक भार धरण्यास अभियंत्याला कोणी मनाई केलेली नाही. त्याने तो धरला की नाही, हे गावाला कळण्याची मात्र कोणतीही सोय नाही.

दुसरी गोष्ट याहून बोलकी आहे. डांबरी किंवा काँक्रीटचा पृष्ठभाग चाकाचा भार पसरवतो. कच्ची वाट तो पसरवीत नाही. म्हणून या पद्धतीत जोड आसाच्या ट्रकसाठी, पृष्ठभाग डांबरी असेल तेव्हाचा ताण एक धरला, तर काँक्रीटखाली तो ०.९० आणि बिनबांधणीच्या वाटेखाली १.१० धरावा लागतो. शास्त्र असे स्पष्ट सांगते की कच्च्या वाटेखालचा नळ अधिक सोसतो. आणि गुणकांचे कोष्टक काय सांगते? की कच्ची वाट ‘खासगी’ असेल तर तेथे पातळ नळ चालेल! भाराचे गणित एका दिशेला आणि जाडीची मुभा नेमकी उलट दिशेला. हा विरोधाभास शास्त्राने निर्माण केलेला नाही; वाटेवरून कोण चालतो, यावरून वाटेची किंमत करण्याच्या जुन्या सवयीने तो निर्माण केला आहे.

यात काळ्या जमिनीची भर पडते. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात हात खोल भेगा पडतात. पावसाळी चिखलात ट्रॅक्टरची चाके फूट-दीड फूट रुततात. वाट दुरुस्त करायची म्हणजे वरचा गाळ काढून टाकायचा आणि मुरूम पसरायचा. रस्त्याखाली नळाच्या माथ्यावर किमान १.२ मीटर मातीचा थर असावा असा दंडक आहे. तो टाकतानाच्या दिवशी पाळला जाईलही. पण डांबरी रस्त्याची उंची प्रत्येक नव्या थराबरोबर वाढते आणि कच्च्या वाटेची उंची प्रत्येक पावसाळ्याबरोबर घटते. दहा वर्षांनी त्या १.२ मीटरांतले किती उरले, हे मोजण्यासाठी कुणी येणार आहे काय?

एक टन पोलादाचा प्रश्न

येथे खर्चाचा मुद्दा पुढे केला जाईल. तो करावाच, कारण हिशेबाने तो टिकत नाही. वरच्याच उदाहरणात एका शेतरस्त्याखालील वीस मीटर लांबीचा तुकडा ८ मिलिमीटरऐवजी ११.६ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे तिसऱ्या वर्गाच्या दर्जाचा टाकला, तर अधिक लागणारे पोलाद सुमारे एक टन भरते. एक टन! एका नव्या ट्रॅक्टरच्या किमतीत असे कित्येक टन पोलाद येईल. हजारो कोटी रुपयांच्या प्रकल्पात हा खर्च हिशेबाच्या वहीत शोधूनही सापडणार नाही. सबंध शिवारातून जाड नळ टाका, अशी ही मागणी नाही; जेथे चाक नळावरून जाते तेथेच टाका, एवढेच म्हणणे आहे. मोकळ्या रानात घरे मोजण्याचा तर्क राहू द्यावा. पण वाटेखाली चाके मोजा, आणि वाट कुणाची आहे हे विचारू नका.

दुसरा आक्षेप असा येईल की, या वाटांवर वर्दळच किती? आज थोडी असेल. परंतु वायुवाहिनीचे आयुष्य काही दशकांचे असते आणि पाणंद रस्त्याचे भवितव्य तेवढ्या काळात एकसारखे राहत नाही. शेत व पाणंद रस्ते बांधण्यासाठी राज्य सरकारने २०२१ मध्ये मातोश्रींच्या नावाने स्वतंत्र योजना काढली. जी वाट आज चिखलाची आहे ती उद्या खडीची आणि परवा डांबराची होणार, हे सरकारचेच घोषित धोरण आहे. महामार्गाच्या चढ-उतारांजवळ, शेलूबाजारसारख्या ठिकाणी, गोदामे आणि ढाबे उभे राहणार, हीदेखील सरकारचीच अपेक्षा आहे. मग आजच्या वर्दळीवरून नळाची जाडी ठरवणे म्हणजे या वाटा कधी सुधारणारच नाहीत असे गृहीत धरणे होय. आणि उद्या ग्रामपंचायतीने रस्ता पक्का करायचे ठरवले, तेव्हा खालचा नळ पातळ आहे म्हणून संरक्षक फरशी टाकण्याचा खर्च कुणाच्या माथी मारला जाईल? ज्याने पोलाद वाचवले त्याच्या, की ज्याने वर्षानुवर्षे रस्त्याची वाट पाहिली त्याच्या?

कवच म्हणजे संरक्षण नव्हे

या विषयाची कुणकुण लागली की एक सोपी मागणी पुढे येते : नळाभोवती आणखी एक मोठा लोखंडी नळ, म्हणजे कवच, घाला. ती मागणी भाबडी आहे आणि चळवळीने तिच्या नादी लागू नये. जुन्या काळी रस्त्याखाली व रेल्वेखाली कवच घालण्याचीच पद्धत होती. अनुभव असा आला की दोन नळांमधल्या पोकळीत पाणी साचते, आतला नळ कुठेतरी कवचाला टेकतो, गंज रोखण्यासाठी नळाला दिलेला विजेचा संरक्षक प्रवाह आतपर्यंत पोहोचत नाही, आणि गंज आतल्या आत वाढत जातो. शिवाय कवच घातले की पहिल्या वर्गात सार्वजनिक रस्त्याखालीही ७२ टक्क्यांचा गुणक पुन्हा लागू होतो. म्हणजे कवचाच्या भरवशावर आतला नळ पातळ ठेवण्याची सोय होते.

झाकलेल्या नळाचे काय होते हे तैवानमधील काओशुंग शहराने पाहिले आहे. तेथे रस्त्याखालून जाणारी चार इंची प्रोपिलीन वाहिनी सांडपाण्याच्या काँक्रीट मोरीच्या पोटातून गेलेली होती. मोरी बांधणाऱ्यांनी नळ बाजूला न करता त्याच्याभोवतीच बांधकाम केले होते. दमट हवेत अधांतरी लटकलेला तो नळ वर्षानुवर्षे गंजत राहिला आणि ३१ जुलै २०१४ च्या रात्री वायू मोरीतून पसरून रस्तेच्या रस्ते उखडले गेले. ३२ माणसे मेली. समृद्धीच्या कडेला जेथे नळ, मोरी आणि गावरस्ता एकाच जागी येतात, तेथे हा धडा गिरवण्याची गरज आहे. कवच नको, जाडी हवी. आणि त्या जाडीवर नजर ठेवण्याचा हक्क हवा.

हक्काचा मुद्दा का महत्त्वाचा, हे आंध्र प्रदेशातील नगरम या गावाला विचारावे. २७ जून २०१४ च्या पहाटे गोदावरी खोऱ्यातल्या या गावात गेलची वायुवाहिनी गंजून फुटली, पेटली आणि २० हून अधिक माणसे होरपळून मेली. सार्वजनिक क्षेत्रातली कंपनी म्हणून ज्वाळा सौम्य झाल्या नाहीत. समाजवादी विचार सार्वजनिक मालकीचा आग्रह धरतो तो नफ्याची जागा उत्तरदायित्वाने घ्यावी म्हणून. उत्तरदायित्व नसेल तर फलक बदलतो, नळ तोच राहतो.

नोटीस कुणाला आणि माहिती कुणाला

नेहमीच्या वायुवाहिनीसाठी सरकार १९६२ च्या पेट्रोलियम व खनिज वाहिनी अधिनियमाखाली शेतजमिनीत वापराचा हक्क संपादन करते. त्या कायद्यात शेतकऱ्याच्या पदरी फारसे पडत नाही : त्या पट्ट्यात घर बांधायचे नाही, विहीर खणायची नाही, झाड लावायचे नाही, आणि मोबदला बाजारभावाच्या १० टक्के. तरीही त्यात एक खिडकी आहे. अधिसूचना निघते आणि २१ दिवसांत हरकत घेता येते. महामार्गाच्या हद्दीतील पट्टी मात्र आधीच संपादित झालेली, रस्ते विकास महामंडळाची. तेथे नळ टाकताना शेजारच्या शेतकऱ्याला नोटीस देण्याचा प्रश्न उरत नाही. तिथून त्याची वाट जाते, त्याचे बैल जातात, त्याची पोरे शाळेत जातात. पण कायद्याच्या दृष्टीने तो या व्यवहारात कुणीच नाही. ती किरकोळ खिडकीही बंद झाली आहे.

माहितीच्या नावाखाली त्याला काय मिळते? कुठे पिवळा खांब, त्यावर दूरध्वनी क्रमांक. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचे ॲप सुरू केले. खोदण्यापूर्वी त्यावर कळवावे म्हणजे खाली कुणाच्या वाहिन्या आहेत हे कळते. कल्पना चांगली आहे. पण नाला खोल करायला, बांध घालायला, शेततळे खणायला तासाच्या भाड्याने येणारा जेसीबीचा चालक मोबाइलवर परवानगी काढून मग बकेट खाली सोडेल, हे दिल्लीतच शक्य वाटू शकते. बेल्जियममधील गिलेंगियन येथे ३० जुलै २००४ रोजी जी वायुवाहिनी फुटून २४ माणसे मेली, तिला काही दिवस आधीच बांधकामाच्या यंत्राने ओरखडा पाडला होता. नळ तेव्हा फुटला नाही. पुढे दाब वाढवल्यावर फुटला. ओरखडा पाडणारे हात आणि मरणारी माणसे वेगळी होती. जाड भिंतीचा एक फायदा हाही आहे की यंत्राच्या दाताला ती अधिक काळ दाद देत नाही. म्हणजे वाटेखालचे ते टनभर पोलाद चाकाशी लढते आणि जेसीबीशीही.

आता एक कटू गोष्ट. महामार्ग असो वा वाहिनी, शेतकऱ्यांच्या नावाने मोर्चे काढणाऱ्या पक्षांचा लढा मोबदल्याच्या आकड्यापाशी सुरू होतो आणि तेथेच संपतो. यात डावे आणि समाजवादीही आले. रेडीरेकनरच्या पटीवर रात्र रात्र बैठका होतात. नळाची जाडी, आसाचा भार, मातीचा थर हे शब्द एकाही निवेदनात येत नाहीत. तांत्रिक प्रश्न तज्ज्ञांवर सोपवायचे आणि पैशाचे आपल्याकडे ठेवायचे, अशी ही श्रमविभागणी सत्ताधाऱ्यांना फार सोयीची आहे. कारण मोबदला एकदा देऊन मोकळे होता येते. सुरक्षिततेचा हिशेब दरवर्षी द्यावा लागतो. वाहिनीच नको, अशी भूमिका घेऊन स्वस्थ बसणे हेही याच आळसाचे दुसरे रूप. खत कारखान्याला वायू लागतो, शहरातल्या चुलीला लागतो. समाजवाद यंत्राचा शत्रू कधीच नव्हता. यंत्राचा धोका एकाने सोसायचा आणि सुख दुसऱ्याने भोगायचे, याचा तो शत्रू आहे.

काय मागावे

या वाहिनीचा अमुक तुकडा सदोष आहे, असा आरोप येथे केलेला नाही. कदाचित प्रत्येक पाणंद रस्त्याखाली जाड नळच असेल. तसे असेल तर ते जाहीर करण्यात कुणाचे काय बिघडते? म्हणून पहिली मागणी हीच असावी : वाशीम जिल्ह्यात ही वाहिनी ज्या ज्या रस्त्याखालून, शेतरस्त्याखालून व मोरीच्या तोंडाखालून जाते, त्या प्रत्येक जागेची क्रमवार नोंदवही मराठीत तयार करून संबंधित ग्रामपंचायतीत आणि जिल्हाधिकारी कचेरीत ठेवावी. त्यात नळाची जाडी, धरलेला गुणक, गृहीत आसभार, माथ्यावरील मातीचा थर आणि कवच आहे की नाही, एवढ्या पाच बाबी असाव्यात. पाच रकान्यांच्या तक्त्याने राष्ट्रीय सुरक्षा धोक्यात येत नाही.

दुसरी मागणी नियामक मंडळाकडे. शेतरस्ता, शिवरस्ता, वहिवाटीची वाट व कलम १४३ खालील रस्ता यांना ‘खासगी’ प्रतवारीतून काढावे. वाट नकाशावर असो वा नसो, तिच्याखाली तिसऱ्या वर्गाचा, ५० टक्क्यांचाच गुणक असावा आणि गृहीत आसभार २०१८ च्या मर्यादेहून कमी नसावा. तिसरी मागणी टाकून झालेल्या नळासाठी : जेथे तो पातळ आढळेल तेथे कंपनीने स्वखर्चाने वर संरक्षक काँक्रीट फरशी टाकावी, आणि पुढे रस्ता पक्का होताना येणारा जादा खर्चही तिनेच सोसावा. चौथी : दरवर्षी पावसाळ्यानंतर प्रत्येक वाटेवर मातीचा थर मोजून त्याचा अहवाल ग्रामसभेपुढे वाचावा. पाचवी : जिल्ह्यातील जेसीबीचे मालक व चालक यांना गावागावांत, वाहिनीवर उभे करून, खुणा दाखवाव्यात, केवळ ॲपवर विसंबू नये.

यांतील एकही मागणी क्रांतीची नाही. नीती आयोगाने २०१८ मध्ये वाशीमला ‘आकांक्षित’ जिल्ह्यांच्या यादीत घातले. आकांक्षा हा मोठा शब्द आहे. ग्रामसभेने तो बाजूला ठेवून येत्या बैठकीत एक साधा ठराव करावा : आमच्या पाणंदीखालच्या नळाची जाडी किती मिलिमीटर, हे कळवावे. उत्तर आले तर हिशेब तपासता येईल, आणि आले नाही तर लढा कुठून सुरू करायचा ते कळेल.